साहेबांच्या वतीनं

अणदूरच्या गुंडाप्पाला आमदार कृष्णराजसाहेबांकडून उभ्या आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. अक्षदाच्या, म्हणजे त्याच्या एकुलत्या मुलीच्या, लग्नाला साहेबांनी स्वतः यावं. यातला महत्त्वाचा शब्द 'स्वतः' हा होता. साहेब स्वतः आले नाहीत तर त्यांच्या वतीनं कोण येतं, हे साऱ्या मतदारसंघाला ठाऊक होतं. गुंडाप्पाच येत असे.

बाहेरच्या माणसाला ही व्यवस्था जरा समजावून सांगावी लागते. आमदाराचं काम कायदे करणं, असं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं आणि ते पुस्तक शाळा सुटल्यावर कुणी उघडत नाही. आमदारानं सभागृहात तोंड उघडलं की नाही याची चौकशी आमच्याकडं कुणी केल्याचं ऐकिवात नाही. पण आईच्या दहाव्याला आला नव्हता, हे माणूस तीन निवडणुका लक्षात ठेवतो. मे महिन्यातल्या दाट तिथीला मतदारसंघात पाच-पन्नास लग्नं निघतात आणि सगळ्यांचे मुहूर्त भर दुपारी. शिवाय माणसं मरताना तिथी बघत नाहीत. म्हणून प्रत्येक आमदाराला आपल्या वतीनं जाणारा एक माणूस लागतो. बरेचजण भावाला पाठवतात. त्यात धोका असा, की चार वर्षं लोकांच्या सुखदुःखात फिरल्यावर भावाला आपणही निवडून येऊ असं वाटायला लागतं, आणि बहुधा ते खरं असतं. कृष्णराजसाहेबांना भाऊ दोन होते. साहेबांनी एकाला पेट्रोल पंप काढून दिला, दुसऱ्याला ठिबकची एजन्सी, आणि गुंडाप्पाला पाठवायला सुरुवात केली.

सुरुवात तशी ठरवून झाली नव्हती. साहेब तेव्हा पंचायत समितीचे सभापती होते आणि साखर कारखान्याचे संचालक. गुंडाप्पा त्याच कारखान्याच्या शेती विभागात नुकताच लागला होता. घरची मेंढरं थोरल्या भावाकडं गेली होती आणि वाट्याला आलेली जमीन कोरडवाहू होती, तेव्हा नोकरीला पर्याय नव्हता. एके दिवशी जळकोटला एक जुना कार्यकर्ता वारला. साहेबांची जीप तुळजापूरच्या घाटात बंद पडली आणि हार घेऊन पुढं गेलेला गुंडाप्पा मयताच्या घरी एकटाच पोचला. साहेबांचा निरोप सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि त्याला रडू फुटलं. गेलेल्या माणसाला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. पण समोर म्हातारी कपाळ बडवून घेत असताना कोरड्या डोळ्यांनी उभं राहणं त्याला जमेना. तेराव्यानंतर त्या घरची मंडळी साहेबांकडं आली.

"सायेब, तुमी येऊ शकला न्हाय, पर तुमचं मन कळलं आमाला," त्यांनी सांगितलं.

आपलं मन नेमकं काय होतं याची साहेबांनी माहिती काढली, आणि गुंडाप्पाला बोलावून घेतलं.

इथून पुढं दोघांची कारकीर्द वेगळी सांगता येत नाही. साहेब जिल्हा परिषदेवर गेले, तेव्हा गुंडाप्पा सायकलवरून लुनावर आला. साहेब बांधकाम सभापती झाले आणि रस्ते होतील असं वाटलं. ते झाले नाहीत, म्हणून लुना खिळखिळी झाली. साहेब आमदार झाले तेव्हा त्यांनी नवी गाडी घेतली आणि जुनी जीप गुंडाप्पाकडं आली, ती पुन्हा घाटात बंद पडू नये अशा बेतानं तो चालवू लागला. दुसऱ्या खेपेला साहेब विधानसभेच्या आश्वासन समितीवर गेले. मंत्र्यांनी दिलेली आश्वासनं पाळली जातात का, हे पाहणारी ही समिती आहे. साहेबांना त्या विषयातलं दुसऱ्या बाजूनं ज्ञान होतं. त्याच काळात त्यांचं नाव तालिका अध्यक्षांमध्ये लागलं. म्हणजे अध्यक्ष बाहेर गेले की त्यांच्या खुर्चीवर थोडा वेळ बसायचं आणि ते आले की उठायचं. गावी आल्यावर साहेब गुंडाप्पाला म्हणाले, "दुसऱ्याच्या वतीनं बसायचं म्हणजे लई अवघड असतंय रे. लोक आपल्याकडं बघतात, पण आपल्याला बघत नाहीत." गुंडाप्पानं सहानुभूतीनं ऐकून घेतलं.

पुढं साहेब राज्यमंत्री झाले. खातं कोणतं हे लोकांना पाठ होईपर्यंत सरकार गेलं. त्या मुदतीत गुंडाप्पाचं कार्यक्षेत्र परंडा-भूमपर्यंत वाढलं होतं. तिकडं त्याला कुणी ओळखत नसे. "हे मंत्रीसाहेबांचे गुंडाप्पा" अशी ओळख करून द्यावी लागे, आणि लोक मंत्रीसाहेबांचं बाकी काय काय असेल या विचारानं त्याच्याकडं पाहत.

कामाची त्याची म्हणून एक पद्धत होती. मयताच्या घरी तो खुर्चीवर बसत नसे. खुर्ची आणली तरी ती बाजूला सारून घोंगडीवर बसे. आधी पाच मिनिटं काहीच बोलायचं नाही. मग गेलेल्या माणसाचं साहेबांशी नातं काय होतं ते सांगायचं. नसेल तर, साहेब नेहमी विचारायचे, असं सांगायचं. लग्नात मात्र उलट. तिथं आल्या आल्या बोलावं लागे. फेटा बांधून घ्यायचा, माइक हातात घ्यायचा आणि म्हणायचं, "साहेबांना काही अत्यंत महत्त्वाच्या कामानिमित्त मुंबईला थांबावं लागलं, तरी त्यांच्या वतीनं मी वधूवरांना..." हे वाक्य मतदारसंघातल्या लहान पोरांनासुद्धा येत होतं. लग्नाचा खेळ खेळताना ती एकाला नवरा करत, एकीला नवरी, आणि एकाला गुंडाप्पा.

साहेबांच्या वतीनं केलेला सत्कार गुंडाप्पाच्या घरी येई. शालींची चळत आढ्याला लागायला आल्यावर बायकोनं, शिवकन्यानं, त्या उसवून त्यांच्या वाकळा शिवायला काढल्या. "साऱ्या मतदारसंघाची ऊब हाय ही," ती शेजारणीला म्हणायची. "फकस्त धुतली की रंग जातो."

मध्ये एकदा साहेब पडले. पडलेल्या आमदाराला वेळच वेळ असतो. साहेब पाच वर्षं दहाव्या-तेराव्याला, लग्नाला, जावळाला जातीनं जाऊ लागले आणि गुंडाप्पा घरी बसला. ती पाच वर्षं त्याला जड गेली. जिथं साहेब जात तिथं माणसं पाणी पुढं करत आणि दाराकडं बघत विचारत, "गुंडाप्पा न्हाय आला?" साहेबांना हे आवडत नव्हतं, पण पडलेल्या माणसाला आवडनिवड दाखवता येत नाही. पुढच्या निवडणुकीत साहेबांनी पक्ष बदलला आणि निवडून आले. निकालाच्या दिवशी गुंडाप्पा खंडोबापुढं लोटांगण घालताना दिसला. लोकांनी याला निष्ठा म्हटलं. त्याचा रोजगार सुरू झाला होता.

अणदूरच्या खंडोबाचंही सांगायला पाहिजे. हा देव वर्षातले काही महिने नळदुर्गला जाऊन राहतो, दोन्ही गावांचा तसा करार आहे. त्यामुळं मोठी असामी जागेवर नसणं अणदूरकरांना नवीन नाही. फक्त देव जातो तेव्हा स्वतः जातो.

तर अक्षदाचं लग्न. मुलगा श्रीनाथ सोलापूरला बँकेत होता. त्याचे वडील भीमाशंकर हे एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. बैठकीत देण्याघेण्याचं काही बोलणं निघालं नाही. भीमाशंकर एवढंच म्हणाले, "पाव्हणं, आमाला काय नको. तुमचं साहेबांशी घरचं नातं हाय म्हणत्यात. साहेबांनी अक्षता टाकाव्या, एक फोटू व्हावा, भावकीला दिसावं. बस."

गुंडाप्पानं शब्द दिला. मग तो साहेबांकडं गेला.

"साहेब, कधी काय मागितलं न्हाय."

"अरे येड्या," साहेब म्हणाले, "अक्षदा माझीच पोरगी. आदल्या दिवशीच येतो मी. हळदीला."

साहेबांची 'येतो' म्हणण्याची पद्धत गुंडाप्पाइतकी कुणालाच माहीत नव्हती. नुसतं 'बघतो' म्हणाले तर शक्यता असे. 'येतो' म्हणाले तर कमी. 'आदल्या दिवशीच येतो' म्हणाले, की गुंडाप्पा जीपमध्ये डिझेल टाकून ठेवी. दुसऱ्या कुणाच्या लग्नाबद्दल साहेब असं बोलले असते तर त्यानं यजमानाला बाजूला घेऊन सावध केलं असतं. इथं यजमान तो स्वतःच होता, आणि त्याला बाजूला घेणारं कुणी नव्हतं. त्यानं पत्रिकेवर छापून घेतलं: अक्षता, आमदारसाहेबांच्या प्रमुख उपस्थितीत.

हळदीला साहेब आले नाहीत. लग्नाच्या दिवशी सकाळी गुंडाप्पा मांडवात खुर्च्या मांडून घेत असताना फोन वाजला. साहेबांच्या कार्यालयातला रणधीर होता. हा मुलगा दोन महिन्यांपूर्वीच लागला होता आणि कामाला चोख होता.

"गुंडाप्पा, आज अणदूरला एक लग्न आहे. साडेबाराचं. साहेबांच्या वतीनं तेवढं करून घ्या."

"कुणाचं?"

"थांबा, पत्रिका बघतो. वधू अक्षदा. वडिलांचं नाव..." रणधीर थांबला. "तुमचंच आहे की."

"व्हय."

"मग तर सोयीचंच झालं," रणधीर म्हणाला.

त्यात त्याची काही चूक नव्हती. पत्रिका आली, अणदूरची होती, अणदूर गुंडाप्पाकडं होतं. गुंडाप्पा कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात बराच वेळ बोलला. साहेबांनी शब्द दिलाय, पाव्हण्यांना मी शब्द दिलाय, तू नुसतं साहेबांच्या कानावर घाल. रणधीर म्हणाला, घालतो. अकरा वाजता त्याचा पुन्हा फोन आला: साहेब निघालेत. गुंडाप्पानं मंचावरच्या सोफ्यावर पांढरा टॉवेल अंथरला आणि त्यावर कुणी बसू नये म्हणून भाच्याला शेजारी उभं केलं.

साडेबाराला नवरानवरी पाटावर उभी राहिली. मध्ये अंतरपाट धरला गेला. मांडवात माणूस मावत नव्हतं. सूत्रसंचालनाला श्रीशैल गुरुजी होते, त्यांनी माइकवरून सांगितलं, की आमदारसाहेब कोणत्याही क्षणी पोचत आहेत, तरी सर्वांनी आहे त्या जागी शांत बसावं. एक वाजला. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले म्हणून माणसं बदलली. लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामानं तळव्याला चिकटल्या. अक्षता पडल्याशिवाय पंगत बसत नाही, म्हणून आचाऱ्यानं येऊन विचारलं, बुंदी झाकू का उघडी ठेवू.

भीमाशंकर मात्र शांत होते. "येऊ द्या साहेबास्नी," ते म्हणाले. "बत्तीस वर्सं लोकास्नी थांबवून ठेवलंय म्या. मला थांबायची सवय हाय."

तेवढ्यात फोन आला. गुंडाप्पानं तो कानाला लावला.

"साहेब येरमाळ्यात आहेत," रणधीर म्हणाला. "येडेश्वरीच्या दर्शनाला थांबलेत. लोकांना धरून ठेवा."

गुंडाप्पानं फोन खिशात ठेवला. हे वाक्य त्यानंच बनवलेलं होतं. पूर्वी साहेब कुठल्या तरी मांडवात खोळंब्याचं कारण होत, तेव्हा यजमानाला फोनवर काय सांगायचं याचा त्यानं बराच विचार केला होता. दूर आहेत म्हटलं तर लोक चिडतात. जवळ आहेत म्हटलं तर बँड घेऊन फाट्यावर येतात. येरमाळा बेताच्या अंतरावर होतं, आणि साहेब देवीपुढं उभे आहेत म्हटल्यावर देवीला लवकर आटपा असं कोण म्हणणार? मुंबईहून सोलापूरमार्गे अणदूरला येताना येरमाळा वाटेत लागतच नाही, हे आजवर एकाही वधूपित्याच्या लक्षात आलं नव्हतं. गुंडाप्पानंच हे वाक्य कार्यालयाला शिकवलं होतं, आणि कार्यालयानं ते नीट जपलं होतं.

"कुठं हायेत?" भीमाशंकरांनी विचारलं.

"येरमाळ्यात," गुंडाप्पा म्हणाला. तोंडातून तेच आलं.

"आण्णा," अंतरपाटाच्या या बाजूनं अक्षदानं हाक मारली. मुंडावळ्या कपाळावर सरकल्या होत्या, डोळ्यांतलं काजळ घामानं उतरलं होतं. "आण्णा, हिकडं या."

तो गेला.

"येरमाळा तुमचाच न्हवं? ओसरीवर बसून तुमीच सांगत होता फोनवर. मी धा वर्षांची होते."

"बाई, जरा दम धर. पाव्हण्यांना शब्द दिलाय."

"पाव्हण्यांना दिलाय. मला काय दिलाय?" ती म्हणाली. आवाज खाली होता, पण अंतरपाटाच्या पलीकडं नवऱ्या मुलानं मान वळवली. "दुसऱ्यांच्या लग्नात साहेबांच्या वतीनं जाता. आज कुणाच्या वतीनं आलाव?"

गुंडाप्पा वळला आणि मंचाच्या पायऱ्या चढला. त्याला चढताना पाहून श्रीशैल गुरुजींचं तोंड सवयीनं सुरू झालं. "आमदारसाहेबांच्या वतीनं शुभेच्छा देण्यासाठी, आपणा सर्वांचे परिचित, माननीय गुंडाप्पा..." लोकांनी टाळ्याही वाजवल्या. माइक हातात आला.

"साहेबांना काही अत्यंत महत्त्वाच्या कामानिमित्त," गुंडाप्पा म्हणाला आणि थांबला. मांडवातल्या निम्म्या लोकांनी पुढचे शब्द मनात म्हणूनही टाकले. ते वाट पाहत राहिले. वरच्या पंख्याचा आवाज माइकमधून ऐकू येत होता.

"साहेब आले न्हायत," गुंडाप्पा म्हणाला. "येणारबी न्हायत. पोरगी माजी हाय. म्हाराज, मंगलाष्टका घ्या."

आणि त्यानं माइक गुरुजींच्या हातात दिला.

भीमाशंकर घड्याळाकडं बघत होते. शिवकन्या त्यांच्याकडं बघत होती. घड्याळावरची नजर काढून ते म्हणाले, "पाव्हणं, गाडी रद्द हाय तर रद्द म्हणून सांगावं. माणसं तरी तिष्ठत बसत न्हायत." मग मंगलाष्टकवाल्याकडं वळून म्हणाले, "सोडा."

अक्षता पडल्या. बऱ्याचशा तळव्यालाच चिकटून राहिल्या होत्या, त्या लोकांनी चोळून काढून टाकल्या.

साहेब येणार नाहीत, हे गुंडाप्पाचं वाक्य मात्र खोटं ठरलं. साहेब त्या वेळी सोलापुरात होते. एका मोठ्या कंत्राटदाराच्या मुलाचं लग्न होतं आणि तिथं ते स्वतः गेले होते. ताटावर असतानाच कुणीतरी त्यांना फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात गुंडाप्पा होता, हातात माइक होता, आणि साहेबांनी आजवर न ऐकलेलं वाक्य होतं. तोवर तो व्हिडिओ मतदारसंघात उमरग्याच्या हद्दीपर्यंत जाऊन आला होता. साहेबांनी गाडी काढायला सांगितली.

चारच्या सुमाराला तीन गाड्या मांडवापाशी थांबल्या. मांडवाचं कापड उतरायला सुरुवात झाली होती. वऱ्हाड गेलं होतं. एका बाजूला आचारी आणि वाढपी जेवत होते. गुंडाप्पा फेटा काढून, बाह्या वर करून, भांडी मोजून देत होता. गाड्या पाहून तो पुढं झाला.

"नमस्कार साहेब."

"पोरं कुठंयत?" साहेब म्हणाले. "आणि फोटोवाला?"

"जोडी खंडोबाला गेली. फोटूवाला त्यांच्यासंगं गेला."

"बोलावून घे की."

"देवाच्या दारातनं म्हागारी कसं बोलवायचं, साहेब?"

साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. साहेबांबरोबर आलेल्या रणधीरला वाटलं, निदान या दोघांचा तरी एक फोटो घ्यावा, म्हणून त्यानं फोन काढला. तेव्हा ध्यानात आलं, की साहेबांचा आणि गुंडाप्पाचा एकत्र असा एकही फोटो आजवर निघालेला नाही. एक असला की दुसऱ्याची गरज नसे. दोघं शेजारी उभे राहिले. दोघांनाही कुठं बघावं कळत नव्हतं. फोटोत साहेब गुंडाप्पाकडं बघताना आले आहेत.

"माझ्या वतीनं कोण बोललं?" साहेबांनी हलक्या आवाजात विचारलं.

"कुणी न्हाय."

"कुणीच न्हाय?"

"न्हाय साहेब."

साहेबांना हे नीट समजून घ्यायचं होतं. सात निवडणुका लढलेला माणूस होता तो. "मग लोक काय म्हणाले?"

गुंडाप्पानं आठवून पाहिलं.

"जेवले," तो म्हणाला.

साहेबांनी चपला काढल्या आणि वाढप्यांच्या पंगतीत, रिकाम्या पत्रावळीवर बसले. सोलापुरात जेवण अर्धंच झालं होतं. वाढप्यांनी सरकून जागा केली. गुंडाप्पानं स्वतः पत्रावळीवर भात वाढला, आमटी घातली.

"उद्या इटकळला दहावा आहे," जेवता जेवता साहेब म्हणाले. "सकाळी लवकर. घरातली माणसं जुनी आहेत आपली."

"उद्या पोरीची मांडवपरतणी हाय, साहेब," गुंडाप्पा म्हणाला. "तुमी जावा. खुर्ची दिली तर बसू नका, खालीच बसा. आन आधी पाच मिन्टं बोलू नका."

साहेबांनी मान हलवली. गुंडाप्पानं बुंदीची परात त्यांच्यापुढं धरली.